साडूची छाती

ओवे गावच्या भरत घरतचा एकच दावा होता. पनवेल तालुका पालथा घाला, आपल्यासारखा जावई सापडायचा नाही! सासरी आपट्याला जाताना त्याची गाडी कधी रिकामी गेली नाही. सासऱ्याच्या घराचा पाया खणायला जेसीबी याचाच गेला. पाताळगंगेचं पाणी अंगणात शिरलं तेव्हा सासूबाईंना पाठुंगळी मारून बाहेर काढलं ते यानेच. आणि हौसाबाईंचं वजन काय आहे, हेही त्याने नंतर गावभर सांगितलं!

एवढं करून आपट्यात कौतुक कुणाचं? दत्ताचं!

दत्ता म्हणजे भरतचा साडू. भरतची बायको सुनिता थोरली, दत्ताची बायको दीपा धाकटी. दत्ता राहायला करंजाड्याला, सातव्या मजल्यावर. तो सासरी पाहुण्यासारखा यायचा, चहा घ्यायचा, "आई, तुमच्या हातची चव कुठं नाय" म्हणायचा आणि निघून जायचा. पायाही खणला नाही की सासूही उचलली नाही. तरी हौसाबाईंच्या तोंडात सतत दत्ता, दत्ता आणि दत्ता!

पण खरी ठिणगी पडली ती मेहुण्याच्या साखरपुड्यात. हृतिक हा दोघी बहिणींचा एकुलता एक भाऊ. दोन्ही जावई वरची बटणं उघडी टाकून आले होते, कारण सोनं काही शर्टाच्या आत ठेवायला घालत नाहीत. भरतची चेन दत्ताच्या चेनीपेक्षा जाड होती. ती मुद्दामच तशी करून घेतली होती. पण भरतच्या छातीवर केस नव्हते, रान होतं! त्या रानात चेन शिरली की पदकासकट बेपत्ता. उलट दत्ताची छाती सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत. तिच्यावर चेन अशी ऐटीत पसरली होती की बघणाऱ्याची नजर हटू नये.

"काय झलकतंय बग आमच्या दत्ताची चेन!" हौसाबाई चार बायकांत म्हणाल्या.

"आनि भरतची?" एकीने विचारलं.

"हाय ना. आतमंदी कुठं तरी असंल."

बायका हसल्या. भरतही हसला, पण त्याच्या हातातला पेढा पार चेंदामेंदा झाला.

परतीच्या वाटेवर गाडीत सुनिताने जखमेवर मीठ चोळलं. "दत्ताभावजी किती नेटके दिसतात, नाय?"

"तेच्या अंगावर केस कसं नाय?" भरतने गिअर कराकरा टाकत विचारलं.

"तेंच्या घरान्यात कुनालाच नायत. दीपा सांगत होती."

घराण्याचं सौंदर्य! भरत त्या रात्री आरशासमोर उभा राहून आपल्या घराण्याला शिव्या देत होता.

नुसतं कौतुकापुरतं असतं तर त्याने गिळलंही असतं. पण प्रश्न मानाचा होता. हळदीच्या दिवशी नवरदेवाला खांद्यावर घेऊन मांडवभर नाचवायचं, हा त्या घरात थोरल्या जावयाचा मान. हौसाबाईंच्या लग्नापासून चालत आलेला. आणि हौसाबाई परवा बोलता बोलता सुनिताला म्हणाल्या होत्या, "बगू, कोन उचलतंय तं. दत्ता उंच हाय. फोटो बरा येल."

फोटो बरा येल! भरतचं जेवण उडालं. थोरला जावई जिवंत असताना धाकट्याने नवरदेव उचलायचा? उद्या ओव्यात तोंड कुठे दाखवायचं?

वस्तरा त्याने फिरवून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी असे खुंट उगवले की चेन त्यात अडकायला लागली आणि सुनिता कूस बदलून झोपली. तेव्हा आता इलाज कायमचाच करायचा! पनवेलच्या बाजाराजवळ एका दवाखान्यावर लेझरची पाटी त्याने पाहिली होती. घरी "आरटीओत काम हाय" म्हणून सांगून गडी तिथे पोचला.

डॉक्टरीणबाईंचं नाव वसुंधरा. त्यांनी शर्ट काढायला लावला, चष्मा वर केला आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"कधीपर्यंत हवंय?"

"हलद तीन दिसांवर आली, बाई. एका दमात उडवून टाका!"

"उन्हात असता का?"

"नाय नाय," भरत म्हणाला. मग गळ्यापासून छातीवर उतरलेला काळा त्रिकोण बाईंनी बोटाने दाखवल्यावर म्हणाला, "म्हंजे मॅची चालू हायत आमच्या. चार-पाच रविवार मैदानात होतो."

"मग आत्ता नाही करता येणार."

"का?"

"लेझर काळा रंग शोधत जातो. केसाच्या मुळातला काळा रंग तापतो आणि मूळ जळतं. तुमची कातडीच उन्हाने रापलीय. त्याला केस कुठला आणि कातडी कुठली, ते कळायचं नाही. भाजेल, फोड येतील. डाग राहतील, काळे नाहीतर पांढरे."

"म्हंजे लय धोक्याचं हाय?"

"नीट केलं तर नाही. थोडी लाली, थोडी सूज येते, दोन दिवसांत जाते. पण आधी ऊन बंद. रापलेपण उतरलं की छोट्या जागेवर करून बघायचं. मग सहा-सात बैठका, दर दीड-दोन महिन्यांनी. केस काही सगळे एकदम उगवत नाहीत, मग जातील कसे एकदम?"

"आनि तवर मी काय करू?"

"तोपर्यंत शर्टाची बटणं लावा!"

बाई स्पष्टवक्त्या होत्या. भरतला पटलंही. माणूस हट्टी असला तरी मूर्ख नव्हता. तो बटणं लावून बाहेर आला आणि खरोखरच घरी गेला असता. पण बाकावर एक जण टोपी पार भुवयांपर्यंत ओढून, तोंडाला मास्क लावून बसला होता. आणि मास्कच्या खाली झळकत होती... चेन! ती चेन भरतने झोपेतसुद्धा ओळखली असती. त्याने पटकन भिंतीकडे तोंड केलं आणि मूळव्याधीची जाहिरात मन लावून वाचायला लागला.

"या दत्ताभाऊ!" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी आलात!"

दत्ता आत गेला. भरत जाहिरातीसमोर तसाच थिजला. म्हणजे घराण्याचं वगैरे सगळी थाप! साडूने गुपचूप लेझर केला आणि वर कौतुक घराण्याच्या नावावर! आता काय, पाठही करून घेतोय की काय? भरतच्या पोटात असा जाळ उठला की बाईंचं सगळं ज्ञान त्यात भस्म झालं. दत्ताने लेझर करायचा आणि थोरल्या जावयाने बटणं लावून बसायचं? ह्या!

त्याच रस्त्याला थोडं पुढे एक पार्लर होतं. काचेवर लिहिलं होतं, 'एकाच बैठकीत केस कायमचे गायब!' भरतला ही भाषा आवडली. आत गुलाबी एप्रन घातलेली प्रांजल नावाची पोरगी मोबाइल बघत बसली होती. तिने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, "सर, सन एक्स्पोजर आहे का? मतलब धूप में जाता का?"

"मी?" भरत म्हणाला. "मी घराच्या भायेरच पडत नाय!"

तिने एकदा मान वर करून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण तिने नाही पाहिलं. त्याला आडवं केलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि यंत्र सुरू केलं.

चट! चट! चट!

"अगो, भाजतंय!"

"नॉर्मल आहे, सर."

"अगो, वास येतोय! कोंबरी जालावर धरल्यावानी!"

"तो केसांचा. नॉर्मल."

"मना तं माजाच वाटतंय!"

"सर, तुम्हीच बोललात ना, एकदम फुल पावर करा म्हणून?"

डोळे घट्ट मिटून भरतने दत्ताचा चेहरा आठवला आणि उरलेली छाती भाजून घेतली.

संध्याकाळपर्यंत छाती पिकल्या टोमॅटोसारखी लाल झाली. दुसऱ्या दिवशी फोड आले. त्यात गंमत अशी की मॅचच्या उन्हात जिथे चेन रुळत होती, तिथली कातडी रापलेली नव्हती. तेवढीच भाजायची राहिली. त्यामुळे लालभडक गळ्याभोवती आणि छातीवर एक पांढरी, ठसठशीत चेन उमटली होती, खाली पदकासकट! भरतने त्यावर टूथपेस्ट थापली. पाच मिनिटं गार वाटलं. सहाव्या मिनिटाला तो न्हाणीत एका पायावर उड्या मारत होता.

सुनिताने बाहेरून विचारलं, "काय झालं वो?"

"काय नाय! मुंगी चावली!"

डॉक्टरीणबाईंकडे जायला लाज वाटत होती आणि घरात सांगायला त्याहून जास्त. अशाने हळदीचा दिवस उजाडला.

आपट्याला मांडव सजला होता. बँजोवाले वाजवत होते. म्हाताऱ्या गंगूबाई धवलारीण पाटाशी बसून लग्नाची गाणी म्हणत होत्या. आणि भर मे महिन्यात भरत घरत गळ्यापर्यंत बटणं लावून, अंगावर गुंजभरही सोनं न घालता, हात अंगापासून दूर धरून गाडीतून उतरला. मांडवातल्या बायकांची नजर आधी त्याच्या गळ्याकडे गेली. तिथे काही नाही म्हटल्यावर एकमेकींकडे गेली.

"सुने," हौसाबाईंनी लेकीला बाजूला घेतलं, "जावयाची चेन कुठं हाय गो?"

"काय मायत! दोन दिस झालं, धड बोलत पन नाय."

तेवढ्यात चार बायका परात घेऊन जावयाला हळद लावायला आल्या. पहिलीचा हात छातीकडे वळला तसा भरत मागच्या मागे उडाला. "मना हलद नको!"

गंगूबाईंचं गाणं मध्येच थांबलं. बँजोही थांबला. मेहुण्याच्या हळदीत थोरला जावई म्हणतो, हळद नको! याचा अर्थ अख्ख्या पंचक्रोशीत एकच होतो.

"जावाय रुसला!" कुणीतरी मागून बोललं.

आता लग्नात जावयाने रुसावं, सासऱ्याने मनवावं, ही रीतच आहे. पण रुसलेला जावई सांगतो तरी, मला अमुक पाहिजे. हा काहीच बोलेना! सासरे तुळशीराम हात जोडून आले.

"काय चुकलं आमचं, जावयबापू?"

"काय नाय वो, मामा."

"मग हसा तं खरं."

भरतने हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात गंजीफ्रॉक एका फोडाला चिकटला आणि चेहऱ्याचं असं काही झालं की तुळशीराम दोन पावलं मागे सरकले. बायकोला म्हणाले, "लय रागात हाय."

मग सुरू झाली मनधरणी. कोटाचं कापड आलं. भरतने मान हलवली. अंगठी आली. त्याने हात झटकला, कारण हात पुढे केला की छातीची कातडी ओढली जायची. उन्हात बसायला खुर्ची दिली, तर तो सावलीत पळाला. सावलीत दिली, तर तिथून पंख्याखाली. आणि समोर खांबाला टेकून दत्ता उभा! दोन बटणं उघडी, चेन झळकतेय आणि ओठांवर तेच ते नेटकं हसू.

हौसाबाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो, मान! उचलायचा मान दत्ताला द्यायचं मी बोलले, तेचा राग आलाय त्याला! जावयबापू, चुकलं माजं. हृतिकला तुमीच उचला!"

दत्ताच्या ओठांवरचं हसू खटकन मावळलं.

ते मावळलेलं हसू बघायला भरत किती दिवस तळमळत होता! अक्कल ओरडून सांगत होती, नको. छाती ओरडून सांगत होती, नको. पण नको म्हटलं तर मान पुन्हा त्या खांबाकडे जाणार. भरत उठला.

"आना त्याला!" तो म्हणाला.

हृतिक काही फूल नव्हता. जिमला जाऊन, अंडी खाऊन पोसलेला गडी होता. तो भावजींच्या खांद्यांवर बसला, त्याचे दोन पाय समोर लोंबले, आणि दोन्ही टाचा येऊन टेकल्या नेमक्या कुठे? भाजलेल्या छातीवर! बँजोने ठेका धरला. ठेक्यागणिक टाच. टाचेगणिक बोंब.

"आई गं!"

"भावजी रंगात आलं!" पोरं ओरडली. बँजोवाल्याने ठेका वाढवला.

"मेलो!"

"वन्स मोर!"

भरत उजवीकडे उडी मारायचा, डावीकडे मारायचा, स्वतःभोवती गरगर फिरायचा. आपट्यात असा नाच कुणी पाहिला नव्हता. सगळ्यांनी मोबाइल काढले. हृतिक वरून खूश होऊन घोड्याला मारावी तशी टाच मारत होता. भरत केव्हाच कोसळला असता. पण प्रत्येक फेरीला दत्ताचा पडलेला चेहरा समोर यायचा, आणि तेवढ्या आधारावर तो पुढची फेरी काढायचा.

शेवटी गुडघ्यांनीच दगा दिला. नवरदेव हळदीच्या परातीत जाऊन बसला आणि भरत मांडवाच्या मधोमध उताणा!

"वारा घाला! बटनं काढा!"

"नको! बटनं नको!" भरत पुटपुटला. पण चार हात एकदम पडले, बटणं तटातट तुटली आणि गंजीफ्रॉकही फाटला. गंगूबाईंना आधीच दिसायचं कमी. त्यांनी वाकून पाहिलं आणि कौतुकाने गालावर बोट ठेवलं.

"अगो बाय! केवरी झलकतंय जावयाची चेन!"

"गंगूआये," सुनिता म्हणाली, "तेनी चेन घातलीच नाय!"

मग सगळ्यांना दिसलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुनिता मटकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय केलंत वो हे?"

भरतला तेवढ्यातही बरं वाटलं. ती दत्ताकडे नाही, आपल्याकडे बघत होती.

"तूप आना!" "टूथपेस्ट लावा!" "हलद हाय ना परातीत, हलद थापा!" असा एकच गलका उठला. तेवढ्यात दत्ता गर्दी बाजूला सारून पुढे आला.

"काय बी लावू नका! नुस्तं साधं थंड पानी वता. बर्फ नको, फोड फोडू नका!"

"तुला काय मायत?" तुळशीरामांनी विचारलं.

आणि भरतला उताण्या अवस्थेत आपला डाव दिसला! सगळी इज्जत गेलीच आहे, तर साडूला सोबत घेऊन जाऊ. तो कोपरावर उठला आणि बोट रोखून ओरडला, "तेला मायत असनारच! तेनं पन लेझर केलाय! घरान्याचं सगलं खोटं हाय! पनवेलच्या दवाखान्यात माज्या डोल्यांनी बगितलाय मी!"

सगळी मुंडकी दत्ताकडे वळली. भरतने समाधानाने डोळे मिटले. आता होऊ दे तमाशा!

"केलाय," दत्ता खाली मान घालून म्हणाला. "लाज वाटत होती, म्हनून घरान्याचं सांगितलं. पन डॉक्टरीनबाई बोलल्या तसाच केला. थंडीत सुरू केला. ऊन बंद केलं. आदी बोटाएवढ्या जागेवर करून बगितला, मग बाकीचा."

"दोन सीझन मॅच नाय खेललं हे!" दीपा अभिमानाने म्हणाली. "मी बोलायची, जावा जरा मैदानात. तं बोलायचे, बाई नको बोलल्यात."

भरतने एक डोळा उघडला. तमाशा काही होत नव्हता.

"बाय बाय!" हौसाबाईंनी गालाला हात लावला. "किती ऐकनारा मानूस! आनि लाजरा किती! एवढं सोसलं, पन कुनाला कलू दिलं नाय!"

दत्ताने तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना फोनही लावला होता. पाणी ओतत राहा, सैल सुती कापड घाला आणि लगेच घेऊन या, असं त्या म्हणाल्या. डाग फिकट होतील, पण कित्येक महिने लागतील. तोवर ऊन नाही, हळद नाही, गळ्यात सोनं नाही. आणि 'एका दमात उडवून टाका' म्हणणाऱ्याला माझा नमस्कार सांगा, असंही म्हणाल्या.

"अरं, पन दत्ता," हौसाबाईंनी हळूच हनुवटी चाचपली, "ह्या हनवटीवरच्या केसांचं व्हतं का रं?"

"व्हतं ना, आई. पन पांढऱ्याचं नाय, काल्याचंच."

"माजे कालेच हायत!"

"आनि वरच्या व्हटाचं?" दुसरीने विचारलं. "दुखतं का?" तिसरीने विचारलं. बघता बघता परात घेतलेल्या सगळ्या बायका दत्ताभोवती गोळा झाल्या. कुणीतरी पंखाही तिकडे फिरवला, कारण गर्दीत दत्ताला घाम फुटला होता.

भरतजवळ उरली ती सुनिता. तांब्याने हळूहळू पाणी ओतत होती. त्याने तिचा हात धरला. "सुने, माज्यावर राग नको धरूस. तुला मीच बरा वाटावा, म्हनून केलं गो सगलं."

सुनिताने डोळे पुसले. त्याच्याकडे बघून मायेने हसली. मग तांब्या त्याच्याच हातात दिला आणि पदर खोचत उठली.

"थांबा वो जरा. दत्ताभावजी निघायच्या आदी मी पन त्या बाईंचा नंबर घेऊन येते."